फिजिक्सच्या पीएचडीनंतर मेडिकल फिजिक्स: अमेरिकेतला सर्टिफिकेटचा रस्ता

मेडिकल फिजिक्स म्हणजे रेडिएशनच्या उपचारांमागचं मोजमाप आणि हिशोब. त्याच्या सर्टिफिकेटच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या छोट्या कोर्सच्या, दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. लिनॅकच्या, म्हणजे पेशंटला रेडिएशन देणाऱ्या मशीनच्या, खोलीत पाण्याची टाकी भरलेली, टाकीत आयन चेंबर (रेडिएशन मोजणारी हवेची छोटी पोकळी), बाहेर कन्सोलपाशी त्यातला विद्युतभार वाचणारा इलेक्ट्रोमीटर. चेंबर हवेला उघडा असतो, त्यामुळे मोजलेल्या विद्युतभारावर तापमानाची आणि दाबाची दुरुस्ती करावी लागते. तापमान मी थर्मामीटरवर पाहिलं. दाब फोनवरच्या हवामानाच्या ॲपमधून घेतला आणि वहीत लिहून टाकला.

सरांनी वहीत डोकावून विचारलं, "हा दाब कुठला?"

"इथलाच."

"इथला नाही. हा समुद्रसपाटीचा."

ॲप आणि विमानतळ जो दाब सांगतात तो बहुतेक वेळा समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला असतो. खोलीतला खरा दाब गाव जितकं उंच तितका कमी. आपल्या ओळखीचं उदाहरण घ्या. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. तिथे ही चूक केली तर डोसच्या हिशोबात सहा-सात टक्के फरक पडेल. मशीन कमी डोस देतंय असं वाटेल, तुम्ही ते वाढवाल, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला तेवढा डोस जास्त जाईल. ठरवलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला डोस यांत पाच टक्क्यांपेक्षा जास्त अंतर नसावं, अशी या क्षेत्रातली जुनी अपेक्षा आहे. मी ती एका आकड्यात संपवली होती.

पीएचडीत मी पातळ चुंबकीय थरांवर काम केलं. याच्या दसपट अवघड गणितं तिथे केली, चुकलीही, आणि चुकली की सॅम्पल पुन्हा लावून पुन्हा मोजलं. इथलं गणित बारावीच्या गॅस लॉचं, पण दिलेला डोस परत घेता येत नाही. मेडिकल फिजिक्समध्ये यायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हीच गोष्ट सांगते. ऐकून ज्याला कंटाळा येतो त्याने पुढचं नाही वाचलं तरी चालेल. ज्याच्या पोटात किंचित गोळा येतो त्याच्यासाठी हा लेख.

पायरी शून्य: कामाची जागा डोळ्यांनी पाहा

अर्ज, फी, व्हिसा हे सगळं नंतर. आधी जवळच्या कॅन्सर सेंटरमधल्या मुख्य फिजिसिस्टना साधी ईमेल करा आणि दोन-तीन दिवस नुसतं सोबत राहू द्याल का, असं विचारा. बरेच जण हो म्हणतात. पेशंटच्या गोपनीयतेचे कागद भरून घेतात, तेवढंच.

जमलं तर सकाळी सहाला जा. थेरपिस्ट मशीन गरम करत असतात, रोजची तपासणी चालू असते. आउटपुट, म्हणजे मशीनमधून निघणारा डोस, ठरलेल्या आकड्याच्या ३ टक्क्यांच्या आत आहे ना, लेझर जागेवर आहेत ना, दाराचं इंटरलॉक चालतंय ना. महिन्याच्या तपासणीत आउटपुटची हीच मर्यादा २ टक्के होते आणि वार्षिक तपासणीत १. हे आकडे एएपीएम या मेडिकल फिजिसिस्टांच्या अमेरिकन संघटनेच्या टास्क ग्रुप १४२ च्या अहवालातले. संध्याकाळपर्यंत थांबा, कारण पेशंट गेल्यावर फिजिसिस्टची दुसरी पाळी सुरू होते: क्लिष्ट प्लॅन फँटमवर (पेशंटच्या जागी ठेवलेल्या ठोकळ्यावर) चालवून मोजायचे, कुठला डिटेक्टर का रुसलाय ते शोधायचं. मधल्या वेळात डॉक्टर येऊन विचारणार, "याला पाच वर्षांपूर्वी इथेच रेडिएशन दिलंय, आता किती देता येईल?" या प्रश्नाला पाठ करून ठेवलेलं उत्तर नसतं. मला या कामाची गोडी लागली ती अशाच एका प्रश्नामुळे.

पायरी एक: दार कुणाच्या हातात आहे ते समजून घ्या

पूर्वी फिजिक्सची पीएचडी झालेला माणूस थेट हॉस्पिटलात लागायचा आणि हाताखाली काम करत शिकायचा. आजचे कितीतरी ज्येष्ठ फिजिसिस्ट असेच आले. तो रस्ता आता बंद आहे.

अमेरिकेत स्वतंत्रपणे काम करायचं तर बहुतेक ठिकाणी अमेरिकन बोर्ड ऑफ रेडिऑलॉजीचं, म्हणजे एबीआरचं, प्रमाणपत्र लागतं. एबीआरची परीक्षा तीन भागांत असते. २०१२ पासून पहिल्या भागाला बसायचं तर कॅम्पेप या संस्थेने मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमात असावं लागतं, आणि २०१४ पासून दुसऱ्या भागासाठी कॅम्पेपमान्य रेसिडेन्सी, म्हणजे क्लिनिकमधलं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, पूर्ण केलेली असावी लागते. कॅम्पेप पदवी देत नाही. अभ्यासक्रम आणि रेसिडेन्सी तपासून शिक्का देणं हे तिचं काम. तो शिक्का नसलेला कोर्स कितीही छान असला तरी एबीआरच्या दृष्टीने त्याला किंमत नाही.

ज्यांची पीएचडी आधीच दुसऱ्या विषयात झाली आहे त्यांनी पुन्हा पहिलीपासून बसू नये म्हणून सर्टिफिकेटची सोय झाली. एएपीएमच्या १९७-एस या २०११ च्या अहवालात या मंडळींना किमान काय शिकवावं हे लिहिलंय: सहा विषय, साधारण १८ क्रेडिट. एक ते दोन वर्षांचं काम.

पात्रता: फिजिक्स किंवा जवळच्या विषयात पीएचडी. इंजिनिअरिंग, केमिस्ट्रीवाल्यांनाही दार उघडं आहे, मात्र फिजिक्सचा पाया कागदावर दिसायला हवा. वरच्या पातळीचे निदान तीन फिजिक्सचे कोर्स ट्रान्सक्रिप्टवर नसतील तर आधी ते करा. काही संस्था पीएचडी चालू असतानाच हे विषय घेऊ देतात. तुमच्या विद्यापीठात ही सोय असेल तर यासारखा स्वस्त सौदा नाही.

पायरी दोन: हिशोब उलटा करा

माणसं इथेच फसतात. "आधी सर्टिफिकेट करू, पुढचं पुढे" असं म्हणत फी भरतात, आणि वर्षाने कळतं की खरा अरुंद बोळ पुढे आहे. रेसिडेन्सीच्या जागा कमी, अर्जदार जास्त. नुसतं सर्टिफिकेट घेतलेल्याला क्लिनिकल नोकरी मिळत नाही. म्हणून संस्था निवडताना "इथून रेसिडेन्सीला किती जण गेले?" हा पहिला प्रश्न.

याचं उत्तर कुणाला लाजत विचारावं लागत नाही. किती अर्ज आले, किती जणांना प्रवेश मिळाला, किती जण पूर्ण करून बाहेर पडले आणि पुढे कुठे गेले, हे आकडे आपल्या वेबसाइटवर जाहीर करण्याचं बंधन कॅम्पेपने मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांवर घातलेलं आहे. कॅम्पेपच्या यादीतून सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था काढा (सेंट लुईसचं वॉशिंग्टन विद्यापीठ, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, कॅनडातलं कॅलगरी ही ओळखीची नावं, पण यादी बदलते, ती स्वतः पाहा) आणि प्रत्येकीचं ते पान उघडून मागच्या चार-पाच वर्षांचे आकडे वहीत लिहा. पान सापडत नसेल किंवा आकडे तीन वर्षं जुने असतील, तर तेही एक उत्तरच आहे.

मग फोनवर किंवा ईमेलने हे विचारा. मशीनला हात लावायला मिळतो की नुसती लेक्चर? क्लिनिकमधले फिजिसिस्ट शिकवतात का? संस्थेची स्वतःची रेसिडेन्सी आहे का? पोस्टडॉकची नोकरी करत हे विषय घेता येतात का, आणि कर्मचारी म्हणून फी माफ होते का? शेवटचा प्रश्न विसरू नका. एकाच वर्गात शेजारी बसलेल्या दोघांपैकी एक पूर्ण फी भरत असतो आणि दुसरा त्याच विभागात पोस्टडॉक म्हणून पगार घेत असतो, हे मी पाहिलंय.

परदेशातून येणाऱ्यांसाठी आणखी एक: या सर्टिफिकेटसाठी विद्यापीठ आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कागद) देतं का? सगळीच देत नाहीत.

पायरी तीन: सहा विषय

रेडिऑलॉजिकल फिजिक्स आणि डोसिमेट्री हा कणा. फोटॉन आणि इलेक्ट्रॉन पदार्थात ऊर्जा कशी सोडतात, कर्मा (फोटॉननी इलेक्ट्रॉनना दिलेली ऊर्जा) आणि शोषित डोस यांत फरक काय, चार्ज्ड पार्टिकल इक्विलिब्रियम (एखाद्या जागी आत येणारे आणि बाहेर जाणारे इलेक्ट्रॉन सारखे असणं) कधी असतो आणि कधी मोडतो. फिजिक्सवाल्याला हा विषय सोपा वाटतो आणि म्हणूनच तो त्यात मार्क घालवतो. कॉम्प्टन स्कॅटरिंगचा क्रॉस सेक्शन काढता येणं वेगळं, आणि ६ एमव्हीच्या (६० लाख व्होल्टच्या) बीमचा डोस त्वचेवर कमी आणि दीड सेंटिमीटर खोल जास्त का, हे पेशंटच्या मुलाला समजेल असं सांगणं वेगळं. टीजी-५१ हा १९९९ चा कॅलिब्रेशन प्रोटोकॉल इथे हाताखालून घाला. नुसता वाचू नका, टाकी लावून दोनदा-तीनदा करा. तापमान २२ अंश आणि दाब १०१.३३ किलोपास्कल हे संदर्भबिंदू तोंडपाठ होतील, आणि बॅरोमीटर खोलीतलाच वापरायचा हेही.

रेडिओबायॉलॉजीने, म्हणजे किरणांचा पेशींवर काय परिणाम होतो या विषयाने, मला सगळ्यात जास्त बदललं. ग्रे हे डोसचं एकक. ६० ग्रे म्हणजे ६० ग्रे असं आपण समजतो. २ ग्रेच्या ३० फेऱ्यांत दिले तर लिनियर-क्वाड्रॅटिक सूत्राने, अल्फा-बीटा गुणोत्तर (ऊतीला एका फेरीतला मोठा डोस किती बाधतो ते सांगणारा आकडा) ३ धरून, निरोगी ऊतीवरचा जैविक परिणाम १०० ग्रेइतका येतो. तेच ६० ग्रे २० च्या तीन फेऱ्यांत दिले तर तो ४६० येतो. तरी फुफ्फुसातल्या छोट्या गाठीसाठी असे मोठे डोस देतात, कारण बीम इतका नेमका बसवता येतो की निरोगी भाग फारसा सापडतच नाही. एवढ्या मोठ्या डोसला हे सूत्र कितपत लागू पडतं यावर वाद आहे. तो वाद नीट वाचून घ्या, मुलाखतीत कामाला येतो.

शरीररचनेला फिजिक्सवाले घाबरतात. पाठांतराचा विषय आहे, रडून उपयोग नाही. माझा उपाय: रोज एक सीटी स्कॅन वरपासून खालपर्यंत सरकवत जायचं आणि दिसेल त्या अवयवाचं नाव मोठ्याने म्हणायचं. पॅरोटिड (लाळग्रंथी), ऑप्टिक कायझम (डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात ती जागा), मज्जारज्जू. कायझमचा डोस साधारण ५४-५५ ग्रेच्या खाली का ठेवतात, हे तो दिसतो किती लहान आणि बसतो कुठे हे पाहिल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

रेडिएशन थेरपी फिजिक्समध्ये प्लॅनिंग, एमएलसी (बीमला आकार देणाऱ्या धातूच्या पट्ट्या), ब्रॅकीथेरपी (गाठीत किंवा तिच्याजवळ किरणांचा स्रोत ठेवून उपचार) येतं. प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर स्वतः चालवायला मिळेल तेवढं चालवा. इमेजिंग आणि किरणसुरक्षा हे उरलेले दोन. सुरक्षेत भिंत किती जाड हवी याचं गणित एकदा हाताने पूर्ण सोडवा. वर्कलोड (मशीन किती चालतं), यूज फॅक्टर (बीम त्या भिंतीकडे किती वेळ असतो), ऑक्युपन्सी (पलीकडे माणूस किती वेळ असतो). पलीकडे जिना आहे की रिसेप्शनिस्टची खुर्ची, यावर काँक्रीट ठरतं.

पायरी चार: वर्ग चालू असतानाच करायच्या गोष्टी

एबीआरचा पहिला भाग याच काळात उरका. यात दोन पेपर असतात, जनरल आणि क्लिनिकल. विषय डोक्यात ताजे असताना बसलं की रेसिडेन्सीच्या अर्जावर एक ओळ वाढते आणि निवड समितीची एक चिंता कमी होते.

एएपीएमचं विद्यार्थी सदस्यत्व घ्या. फी फार नाही, अहवाल वाचायला मिळतात, स्थानिक शाखेच्या बैठकींना जाता येतं. तिथे मुख्य फिजिसिस्ट चहा-कॉफी घेत उभे असतात. पुढे जाऊन बोला. आपण मराठी माणसं अशा ठिकाणी भिंतीला टेकून उभं राहतो, मी स्वतः पहिल्या दोन बैठकी तशाच घालवल्या.

संशोधनाचं काय? जुनी पीएचडी फेकून देऊ नका, तिचं भाषांतर करा. डिटेक्टर बनवले असतील तर डोसिमेट्रीशी नातं आहे. मॉन्टे कार्लो केलं असेल तर डोस कॅल्क्युलेशनशी आहे. माझ्या चुंबकीय थरांचं थेट नातं कशाशीच नव्हतं. मी मोजमापातली अनिश्चितता या धाग्याला धरलं आणि क्लिनिकमधल्या एका छोट्या प्रकल्पात हातभार लावला. शोधनिबंध झाला नाही, परिषदेत एक पोस्टर लागलं. मुलाखतीत मात्र त्यावरच दहा मिनिटं बोलणं झालं.

पायरी पाच: रेसिडेन्सी आणि मॅच

बहुतेक अर्ज एएपीएमच्या सामायिक अर्जप्रणालीतून जातात. ढोबळ वेळापत्रक असं: डिसेंबरच्या आसपास अर्ज, जानेवारी ते मार्च मुलाखती, मार्चमध्ये पसंतीची यादी, त्यानंतर थोड्याच दिवसांत निकाल, आणि उन्हाळ्यात काम सुरू. सर्टिफिकेटला ऑगस्टमध्ये प्रवेश घेतलात तर तीन-चार महिन्यांत अर्ज करायची वेळ येते. तोवर शिफारसपत्र देण्याइतकं क्लिनिकमधलं कुणी तुम्हाला ओळखत नसतं. म्हणून पहिल्या आठवड्यापासून क्लिनिकमध्ये दिसत राहा. तीन पत्रांपैकी निदान एक तरी तुम्हाला मशीनपाशी काम करताना पाहिलेल्या माणसाचं हवं.

२०१५ पासून निवडीसाठी मेडफिज मॅच आहे. इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये ऑप्शन फॉर्म भरलेल्यांना कल्पना चटकन कळेल. फरक इतकाच की मेरिट लिस्ट एकच नसते. तुम्ही संस्थांना क्रम देता, प्रत्येक संस्था उमेदवारांना क्रम देते, आणि संगणक जोड्या लावतो. निकाल दोघांवर बंधनकारक. पद्धत अर्जदाराच्या पसंतीपासून सुरू होते, त्यामुळे "ती मोठी संस्था मला घेणार नाही, तिला खाली टाकू" असली हुशारी करण्यात काही फायदा नाही. मनात जो क्रम आहे तोच लिहा. आणि जिथे अजिबात जायचं नाही ते नाव लिहूच नका, कारण लागलं तर जावं लागतं.

मुलाखतीत फिजिक्स विचारतात, पण जास्त वेळ जातो तो "समजा" वर. समजा सकाळी आउटपुट ३.४ टक्के जास्त आलं, पहिला पेशंट टेबलावर यायचाय, थेरपिस्ट तुमच्याकडे बघताहेत. काय कराल? पीएचडीवाले लगेच कारणांची यादी सुरू करतात. समितीला आधी ऐकायचं असतं की तुम्ही पेशंट थांबवलात. मग मोजमाप दुसऱ्या उपकरणाने तपासलंत, मग वरिष्ठांना फोन केलात. कारणं त्यानंतर. आणि "तुमच्या हातून झालेली चूक सांगा" हा प्रश्न येतोच. मी दाबाची गोष्ट सांगितली. चूक सांगून गप्प बसायचं नाही, ती पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललंत तेही सांगायचं.

व्हिसाबद्दल थोडक्यात. काही रेसिडेन्सी फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच घेतात, काही जे-१ किंवा एच-१बी व्हिसा करून देतात. जाहिरातीत लिहिलेलं असतं, नसेल तर मुलाखतीआधी विचारा. विद्यापीठाशी संलग्न ना-नफा हॉस्पिटलांना एच-१बीच्या वार्षिक कोट्याची अडचण बहुधा येत नाही. मात्र सप्टेंबर २०२५ च्या घोषणेनंतर देशाबाहेर असलेल्यांसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचा भार आला, त्यामुळे भारतात बसून अर्ज करणाऱ्यांनी हे आधी पाहून मगच फीचे पैसे काढावेत.

मॅच लागला नाही तर? खूप जणांना पहिल्या वर्षी लागत नाही. मॅचनंतर उरलेल्या जागांच्या जाहिराती येतात, त्यांवर लक्ष ठेवा. दरम्यान फिजिक्स असिस्टंट म्हणून काम मिळालं तर घ्या. कमी पगारात एक वर्ष मशीनपाशी काढलेला अर्जदार पुढच्या वर्षी वेगळा दिसतो.

पायरी सहा: त्यानंतर

थेरपीची रेसिडेन्सी साधारण दोन वर्षं. ती पुरी झाली की एबीआरचा दुसरा भाग, मग तोंडी परीक्षा. टेक्सास, न्यूयॉर्क, फ्लोरिडा आणि हवाई या राज्यांत वेगळा परवानाही काढावा लागतो. सर्टिफिकेटच्या पहिल्या दिवसापासून बोर्डाचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत चार-पाच वर्षं धरा. पस्तिशीत पुन्हा परीक्षा द्यायच्या आहेत हे घरच्यांना आजच सांगून ठेवा.

भारतात हेच करायचं असेल तर

फिजिक्सची पीएचडी घेऊन भारतातल्या रेडिओथेरपी विभागातही थेट शिरता येत नाही. तिथे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अटी चालतात: एमएस्सी फिजिक्सनंतर रेडिऑलॉजिकल किंवा मेडिकल फिजिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा, किंवा मान्यताप्राप्त विद्यापीठाची मेडिकल फिजिक्समधली एमएस्सी, आणि सुसज्ज रेडिओथेरपी विभागात १२ महिन्यांची इंटर्नशिप. डिप्लोम्यांत सगळ्यात जुना आणि मानाचा मुंबईतला भाभा अणुसंशोधन केंद्राचा, १९६२ पासूनचा. पीएचडी झालेल्यांसाठी वेगळी छोटी वाट नाही, त्याच वर्गात एमएस्सी झालेल्या तेवीस वर्षांच्या मुलांबरोबर बसायचं. त्या मुलांच्या हातून अणुशक्तीनगरमध्ये जी मोजमापं होतात ती मी पीएचडीनंतर अमेरिकेत पहिल्यांदा केली, म्हणून वयाचा संकोच बाळगायचं कारण मला दिसत नाही.

एक गाठ मात्र आधीच ओळखा. हा डिप्लोमा आणि इंटर्नशिप एबीआरच्या हिशोबात धरली जात नाही. डिप्लोमा करून भारतात काही वर्षं काम केलेल्यांनाही अमेरिकेत बोर्डासाठी कॅम्पेपचाच रस्ता धरावा लागतो. उलट बाजूने, अमेरिकेतली कागदपत्रं घेऊन परतणाऱ्याने कुठलीही नोकरी स्वीकारण्याआधी आपली पात्रता नियामक मंडळाकडून लेखी तपासून घ्यावी. हॉस्पिटलच्या एचआरने फोनवर "होऊन जाईल" म्हटलं, यावर विमानाचं तिकीट काढू नये.